परीक्षा देऊन अमेरिकेत इतिहासाची पदवी: कुणी केलंय का?

अबोली_एनजे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. महाराष्ट्रातून बी.कॉम. केलं, कारण दहावीला गणितात मार्क बरे होते आणि घरात आर्ट्सचं नाव काढायची सोय नव्हती. लग्नानंतर इकडे आले, एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून) राहिले, मग ग्रीनकार्ड झालं. सध्या एका शाळेत अर्धवेळ मदतनीस आहे. पाचवी-सहावीच्या पोरांना सोशल स्टडीज शिकवताना बघते आणि वाटतं, हे आपल्यालाही जमेल. इतिहास आवडतोच. पण शिकवायचं तर विषयातली पदवी किंवा तेवढे क्रेडिट (इथे प्रत्येक कोर्सला मिळणारे, पदवीसाठी मोजले जाणारे गुणांक) हवेत.

वर्गात बसून पहिल्यापासून बी.ए. करायचं तर वेळही नाही आणि क्रेडिटमागे जी फी सांगतात ती ऐकून गप्पच बसले. मग गावच्या लायब्ररीत एकीने सांगितलं की क्लेप नावाच्या परीक्षा असतात, घरी अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची, क्रेडिट मिळतात. इंटरनेटवर तर 'काही महिन्यांत पदवी' म्हणणारेही भेटले.

हे कितपत खरं आहे? इतिहासाची अख्खी पदवी अशा परीक्षांवर होते का? आणि झाली तर तिला शाळा किंवा पुढे एम.ए. करताना कुणी विचारतं का? इथे कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

उगाचच

म्हणजे अमेरिकेतला १७ नंबरचा फॉर्म! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

खटपट्या

अबोलीताई, मी केलंय, फक्त विषय इतिहास नव्हता, लिबरल स्टडीज होता. इतिहासाच्या परीक्षा मात्र जवळजवळ सगळ्या दिल्या, त्यामुळे लिहितो. लांबेल, चहा घेऊन वाचा.

सगळ्यात आधी: परीक्षा निवडू नका, कॉलेज निवडा. लोक नेमकं उलटं करतात. क्लेपच्या पानावर लिहिलेलं असतं की २९०० हून जास्त कॉलेजं हे क्रेडिट घेतात. खरं आहे. पण कुठलं कॉलेज किती घेतं, कुठल्या खान्यात टाकतं, किती मार्कांना घेतं हे प्रत्येकाचं वेगळं. कित्येक ठिकाणी तीस क्रेडिटच्या पुढे दार बंद. माझ्या ओळखीतल्या एकीचे इतिहासाचे क्लेप तिच्या विद्यापीठाने 'मान्य' केले आणि सगळे इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत, ढकलले. मुख्य विषयाचा एकही कोर्स कमी झाला नाही.

परीक्षांचे क्रेडिट मोकळ्या हाताने घेणारी तीन कॉलेजं पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्क राज्यातलं एक्सेलसियर (१९७१ साली रीजंट्स या राज्याच्या शिक्षण मंडळाचा बाह्य पदवी कार्यक्रम म्हणून सुरू झालं), तुमच्याच राज्यात ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी (१९७२) आणि कनेक्टिकटमधलं चार्टर ओक (१९७३). तिन्ही निघाली तीच मुळी नोकरी-संसार करणाऱ्या प्रौढांसाठी. अधिस्वीकृती तीच, जी बाजूच्या कॅम्पसवाल्या विद्यापीठांना असते. तुम्हाला एडिसन स्टेटचं ऑफिस गाडीने जवळ आहे, पण जायचं काही कारण पडत नाही. वसतिगृह, मैदान, कँटीन असलं काही तिथे नाहीच.

पदवी १२० क्रेडिटची. त्याचे ढोबळ तीन भाग: सर्वसाधारण शिक्षण (इंग्रजी निबंध, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं), मुख्य विषय आणि मोकळे इलेक्टिव्ह. तुमच्या बी.कॉम.चं मूल्यांकन करून घ्या. मूल्यांकन संस्था तुमच्या गुणपत्रिका बघून कोर्सनिहाय क्रेडिट काढून देतात. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ हे सगळं इलेक्टिव्हमध्ये बसतं, इकॉनॉमिक्स समाजशास्त्रांत. बी.कॉम.वाल्यांची निम्मी लढाई इथेच होते.

आता क्लेप. ही परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, म्हणजे एसएटीवालेच. १९६७ पासून चालू आहे. गुण २० ते ८० मध्ये येतात आणि अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस ५० ला क्रेडिट द्यावं अशी आहे. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या आणि पर्यायी उत्तरांच्या. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. फी शंभर डॉलरला टेकलेली, शिवाय केंद्राची थोडी वेगळी. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था फुकट ऑनलाइन कोर्स देते आणि तो पूर्ण केला की परीक्षेचं व्हाउचरही देते, म्हणजे फीसुद्धा वाचते. नापास झालात तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही. कॉलेज बोर्ड गुण २० वर्षं जपून ठेवतं, त्यामुळे कॉलेजात नाव घालायच्या आधी दिल्या तरी वाया जात नाहीत. पण पुन्हा सांगतो, आधी कॉलेज.

इतिहासाच्या क्लेप पाच: अमेरिकेचा इतिहास भाग एक आणि दोन, पाश्चात्त्य संस्कृती भाग एक आणि दोन, आणि सोशल सायन्सेस अँड हिस्टरी. पहिल्या चार प्रत्येकी ३ क्रेडिटच्या, पाचवी ६ ची.

अबोली_एनजे

खटपट्यादादा, खूप खूप आभार! म्हणजे पाच परीक्षांत १८ क्रेडिट? मग मुख्य विषय अर्धा झालाच की.

खटपट्या

तिथेच तर गोम आहे, ताई. हे सगळे खालच्या पातळीचे, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे क्रेडिट. त्यातली पाचवी परीक्षा इतिहासाच्या खान्यात सहसा जातच नाही, समाजशास्त्रांत जाते. मुख्य विषयात बरेचसे क्रेडिट वरच्या पातळीचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे लागतात. आणि क्लेपमध्ये वरच्या पातळीचा इतिहास शून्य.

त्यासाठी डीएसएसटी नावाच्या दुसऱ्या परीक्षा आहेत. मूळ सैनिकांसाठी काढलेल्या, आता सगळ्यांना खुल्या. त्यात अमेरिकी यादवी आणि पुनर्रचना, सोव्हिएत युनियनचा इतिहास, व्हिएतनाम युद्ध या परीक्षा आहेत. पहिल्या दोनांना वरच्या पातळीची शिफारस आहे, व्हिएतनामला खालच्या. पास व्हायला ४०० लागतात. झालं, संपलं! इतिहासाच्या वरच्या पातळीसाठी परीक्षांचं दुकान इथे बंद होतं.

धंद्याच्या विषयांत म्हणजे मॅनेजमेंट, फायनान्स वगैरेत वरच्या पातळीच्या परीक्षा पुष्कळ मिळतात. 'काही महिन्यांत पदवी' म्हणणारे बहुतेक त्या बाजूचे असतात. इतिहासात उरलेले क्रेडिट कोर्स करूनच घ्यावे लागतात. कॉलेजचे स्वतःचे ऑनलाइन कोर्स, किंवा स्टडी डॉट कॉमसारख्या ठिकाणचे स्वस्त कोर्स, जिथे शेवटी देखरेखीखाली परीक्षा असते आणि मध्ये निबंध असतात. ते तुमचं कॉलेज कुठल्या पातळीला धरतं ते लेखी विचारून घ्या. फोनवर नको, ईमेलवर. सल्लागार बदलतात, ईमेल राहतो.

सातारा_रोड

मी निवृत्त प्राध्यापक, विषय इतिहासच. हा सगळा प्रकार वाचून वाईट वाटलं. दीड तासात गोळे काळे करून म्हणे इतिहास आला! आमच्याकडे गाईडं वाचून पास होणारी पोरं होती, त्यांना निदान हाताने चार पानं लिहावी तरी लागायची. पदवी म्हणजे वर्गातली चर्चा, लायब्ररी, शिक्षकाशी भांडण. ते सगळं काढून टाकलं तर राहतं काय? ताईंनी राग मानू नये, पण आवड असेल तर वाचा, पदवीच्या मागे कशाला लागता?

अबोली_एनजे

सर, राग कसला. पण पदवी नसली तर शाळेत मी मदतनीसच राहणार, कितीही वाचलं तरी. वर्गात उभं राहायला कागद लागतो. आणि मी जिथे शिकले तिथे वर्गात चर्चा वगैरे काही नव्हती, सर डिक्टेशन द्यायचे.

उगाचच

सरांना 'डिक्टेशन' लागलं असणार.

बखरवाला

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ इतिहास शिकवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो.

सातारा_रोड सर, तुमचं दुःख कळतं, पण न शिकवता नुसती परीक्षा घेऊन पदवी देणं हे आपल्याला परकं कधीच नव्हतं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि शिकवणं हे त्याचं काम नव्हतंच. शिकवायची कॉलेजं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. पुढे कितीतरी शिक्षकांनी, कारकुनांनी, घरातल्या सुनांनी बाहेरून बी.ए. केलं. त्यांच्या पदव्यांना आपण कमी लेखत नाही.

मात्र पर्यायी प्रश्नांबद्दल सर बरोबर आहेत, आणि हे ताईंनी आधीच ओळखून ठेवावं. क्लेपचा पहिला भाग मी वर्गातल्या मुलांना सरावासाठी देतो. तिथे मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३) खटल्याने न्यायालयाला कोणता अधिकार मिळाला, मिसूरी तडजोड कधीची, सेनेका फॉल्सला १८४८ मध्ये काय मागितलं, असं विचारतात. हे माहीत हवंच. पण इतिहासकाराचं काम तिथून पुढे सुरू होतं: हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, काय गाळलं, दुसरा कागद याच्याशी जुळतो का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली, ती याच भूमिकेतून, की आधी अस्सल कागद, मग कथा. ते काम चार पर्यायांतून एक निवडून येत नाही.

म्हणून इतिहासाच्या पदवीत दोन गोष्टींना परीक्षेची पळवाट नाही. एक, इतिहासलेखनशास्त्र आणि संशोधनपद्धतीचा कोर्स. दुसरी, शेवटचा कॅपस्टोन प्रकल्प. एडिसन स्टेट आणि चार्टर ओक दोघंही कॅपस्टोन स्वतःकडेच करायला लावतात, तो बाहेरून आणता येत नाही. आणि लोक अडकतात ते तिथेच. शंभरावर क्रेडिट भराभर गोळा झालेले असतात, एवढ्या प्रवासात संदर्भ देऊन लिहिलेला दहा पानांचा एकही निबंध नसतो, आणि एकदम सांगतात, संशोधनप्रश्न मांडा, स्रोत जमवा, मोठा शोधनिबंध लिहा. हुशार माणसंसुद्धा सहा-सहा महिने कोऱ्या पानासमोर बसलेली पाहिली आहेत.

माझा सल्ला: परीक्षांनी खालचा मजला बांधा, बिनधास्त. त्यात पैसा आणि वर्षं दोन्ही वाचतात. पण लेखन शेवटावर ढकलू नका. पहिल्या सहामाहीतच एक असा कोर्स घ्या जिथे माणूस तुमचा निबंध वाचून लाल शाईने रंगवून परत देतो. लोक याच कोर्सचे पैसे वाचवायला बघतात, मी म्हणेन सगळ्यात आधी याचेच भरा.

तिसरी_घंटा

बखरवाला +१. 'शिक्षकाशी भांडण' हेही आवडलं. वाचनखूण साठवली.

सातारा_रोड

बखरवाला, मुंबई विद्यापीठाचा मुद्दा मान्य. पण तेव्हाच्या परीक्षा लेखी असत आणि परीक्षक निर्दय असत, हेही लिहा. बाकी लेखनाबद्दल जे म्हणालात त्यावर माझी सही.

ताकमेथी

माझा मुलगा हायस्कूलला आहे, त्याने एपी (शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि परीक्षा) यूएस हिस्टरी घेतलंय. त्यात डॉक्युमेंटवर आधारित प्रश्न असतो, सात कागद देतात आणि त्यावरून निबंध. बखरवाला म्हणतात ते थोडंफार यात येतं असं वाटतं. आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात या एपीवरून घरात तापलेलं वातावरण असतं! प्रश्न असा की त्याने एपीही दिली आणि क्लेपही दिली तर दुप्पट क्रेडिट मिळतील का?

खटपट्या

नाही मिळणार. विषय तोच तर क्रेडिट एकदाच, मग ते एपीने घ्या नाहीतर क्लेपने. शाळेतल्या मुलाला एपीच बरी, कारण नावाजलेली कॉलेजं क्लेपकडे बघत नाहीत, एपीकडे निदान बघतात. क्लेप ही मोठ्या माणसांची सोय. वर्षभर कधीही देता येते, मे महिन्याची वाट बघायला नको.

रिझर्व्हवाला

कुणी लष्करात किंवा रिझर्व्हमध्ये असेल तर लक्षात ठेवा, क्लेप आणि डीएसएसटी या दोन्हींच्या पहिल्या प्रयत्नाची फी डॅन्टेस ही सरकारी यंत्रणा भरते. मी व्हिएतनाम युद्धाची परीक्षा अशीच दिली. सोपी आहे म्हणतात ते ऐकू नका. टेट हल्ला १९६८ चा हे सगळ्यांना माहीत असतं, पण फ्रेंच हरले त्या दिएन बिएन फू (१९५४) च्या आधीचा व्हिएतनामही विचारतात आणि तिथे लोक आपटतात.

अबोली_एनजे

बापरे, एवढी माहिती एका दिवसात! बखरवालासर, अभ्यास कसा करावा तेही सांगाल का? मला अमेरिकेचा इतिहास म्हणजे बोस्टन टी पार्टी, लिंकन आणि मार्टिन ल्यूथर किंग एवढाच येतो.

बखरवाला

सर नको, नुसतं बखरवाला पुरे.

अभ्यासक्रमाची टक्केवारी आधी बघा, त्यात बराच वेळ वाचतो. भाग एक १८७७ पर्यंतचा आहे, पण १५०० ते १७८९ या जवळजवळ तीन शतकांना फक्त ३० टक्के, आणि १७९० ते १८७७ ला ७०. लोक उत्साहाने कोलंबस, मेफ्लॉवर, चेटकिणींचे खटले वाचत बसतात आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सनची बँकेशी लढाई, दक्षिण कॅरोलायनाने केंद्राचा कायदा धुडकावल्याचं १८३२ चं प्रकरण, मेक्सिकोकडून १८४८ च्या तहात घेतलेला मुलूख, ड्रेड स्कॉट खटला (१८५७) यांच्यापर्यंत पोचेतो दम संपतो. भाग दोनमध्येही तेच, १९१५ नंतरच्या काळाला ७० टक्के. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, मधून घ्या. ओपनस्टॅक्सचं पाठ्यपुस्तक फुकट आहे आणि पुरेसं आहे.

पाश्चात्त्य संस्कृतीचे दोन भाग १६४८ ला तोडलेत. त्या वर्षी वेस्टफालियाचा तह झाला आणि तीस वर्षांचं युद्ध संपलं. भाग एकमध्ये सगळ्यात जास्त वजन मध्ययुगाला, साधारण पाव परीक्षा. आपल्या लोकांना तो भाग सगळ्यात जड जातो, कारण शाळेत युरोपचा इतिहास आपल्याला प्रबोधनापासूनच भेटलेला असतो. पोप आणि सम्राटांचं भांडण, मठ, सरंजामशाही, स्कोलॅस्टिक तत्त्वज्ञान, हे सगळं नव्याने वाचावं लागेल. भाग दोनमध्ये फ्रेंच राज्यक्रांती ते शीतयुद्ध आपल्याला बऱ्यापैकी येतं.

पुनर्रचनेचा काळ, १८६५ ते ७७, मात्र नुसता परीक्षेपुरता वाचू नका. तेरावी, चौदावी, पंधरावी घटनादुरुस्ती (१८६५, ६८, ७०), मुक्त गुलामांसाठीचं ब्युरो, आणि मग १८७७ च्या तडजोडीत उत्तरेने काढता घेतलेला पाय. तो काळ समजला तर विसाव्या शतकातली अमेरिका आपोआप कळते. आणि आपल्याला तो परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसलेला माणूस पुनर्रचनेच्या ऐन मध्यात तिकडे बघून हे लिहीत होता. मी वर्गात हे सांगतो तेव्हा अमेरिकी पोरांचे डोळे विस्फारतात.

तिसरी_घंटा

हे माहीत होतं, पण पुनर्रचनेच्या मध्यात हे लक्षात आलं नव्हतं. भारी.

कोथरूडकर

मी पुण्यात. नोकरी आयटीत, इतिहास आवडता. इथे बसून ही अमेरिकी पदवी घेता येईल का? एमपीएससीला चालेल का? आणि आपल्याकडे असं परीक्षा देऊन क्रेडिट काही आहे का?

खटपट्या

घेता येईल की नाही त्यापेक्षा कशाला घ्यायची ते बघा. परदेशी ऑनलाइन पदवीला भारतात समकक्षता मिळेल हे गृहीत धरू नका, सरकारी नोकरीसाठी तर नाहीच. डॉलरमध्ये फी भरून शेवटी इथे कागद चालला नाही तर काय उपयोग? तुम्हाला इग्नू आहे (१९८५), नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे (१९८९). मराठीतून इतिहास करायचा तर मुक्त विद्यापीठ सरळ आहे, आणि फी अमेरिकेच्या एका कोर्सएवढीही नाही.

तिसरी_घंटा

कोथरूडकर, नुसत्या परीक्षेवर अख्खे क्रेडिट अशी क्लेपसारखी सोय आपल्याकडे नाही. पण स्वयंम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे कोर्स आहेत. २०२१ च्या यूजीसी नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंमवरून घेता येतात, विद्यापीठाने ते स्वीकारले तर. शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा असते. त्याच वर्षी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स निघाली, तिथे ते जमा होतात. कागदावर छान आहे. तुमचं विद्यापीठ काय म्हणतं ते खिडकीवर जाऊनच कळेल, आणि खिडकी किती वाजता बंद होते ते वेगळं सांगायला नको.

कोथरूडकर

खिडकीचं वाचून हसलो. मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका उतरवून घेतली. धन्यवाद.

उगाचच

गंभीर प्रश्न विचारतो, फुकटात. ताईंकडे बी.कॉम. आहेच, मग दुसरं बी.ए. कशाला? सरळ एम.ए. का नाही?

बखरवाला

उगाचच पहिल्यांदाच कामाचं बोलले! प्रश्न रास्त आहे. आपली तीन वर्षांची पदवी इथे काही विद्यापीठं पूर्ण धरतात, काही चौथं वर्ष मागतात. पूर्ण धरली तरी इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश देताना विचारतात, इतिहासाचे कोर्स किती, आणि तुमच्या लेखनाचा नमुना कुठे. बी.कॉम.वाल्याकडे दोन्ही नसतात. ताईंना शाळेतच शिकवायचं असेल तर एम.ए.ची घाई नको. न्यू जर्सीत विषयशिक्षकाच्या परवान्यासाठी त्या विषयात ३० क्रेडिट सलग धाग्याचे लागतात, त्यातले १२ वरच्या पातळीचे, शिवाय शिक्षकांसाठीची प्रॅक्सिस परीक्षा. म्हणजे पुन्हा तोच वरचा मजला.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. क्लेपच्या क्रेडिटला ग्रेड नसते, नुसतं 'क्रेडिट' म्हणून चढतं. तुमचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, उरलेल्या मोजक्या कोर्सांवरून ठरतो. शिक्षकाच्या परवान्याला आणि एम.ए.ला दोन्हीकडे जीपीए बघतात. सगळंच परीक्षांनी भरलं तर जीपीए चार-सहा कोर्सांवर उभा राहतो, आणि त्यातला एक बिघडला की आकडा धाडकन खाली येतो. म्हणूनही वरच्या पातळीचे इतिहासाचे कोर्स खऱ्या कॉलेजातून, ग्रेड घेऊन करा.

सातारा_रोड

हे मात्र पटलं. ताई, मी आधी कडक बोललो, पण तुम्ही करणारच असाल तर एक मदत करू शकतो. निबंध लिहिलात की मला पाठवत चला, निर्दयपणे तपासून देईन. इंग्रजी माझं जुनं आहे, पण युक्तिवाद कुठे लंगडतो ते दिसतं.

अबोली_एनजे

सर, ही मदत मी नक्की घेणार. मग पळू नका!

मी आज एडिसन स्टेटला ईमेल टाकला, बी.कॉम.च्या मूल्यांकनासाठी भारतातून गुणपत्रिका मागवायच्या आहेत. विद्यापीठातून सीलबंद पाकीट काढायचं म्हणजे नणंदेला चकरा मारायला लावणं आलं. तोवर क्लेपचा अमेरिका भाग एक, मॉडर्न स्टेट्सवरून. आणि कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात एक निबंधवाला इतिहासाचा कोर्स, ग्रेडसकट. तो कोर्स ट्रान्सफर होतो का तेही त्याच ईमेलमध्ये विचारलंय.

कॅपस्टोन लांब आहे, पण विषयाचा विचार आत्तापासून करायचा का?

बखरवाला

आत्तापासूनच. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी वर्गातल्या इतरांकडे नसेल: मराठी वाचता येतं. त्याचा फायदा घ्या.

एक विषय सुचवतो. अमेरिकी यादवी १८६१ ला सुरू झाली, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग तो मुंबईहून गेला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहू लागला, प्रेमचंद रायचंद आणि बॅक बे भराव कंपनीच्या शेअरांचं वेड लागलं. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, भाव कोसळले आणि त्या उन्हाळ्यात अर्धी मुंबई दिवाळ्यात निघाली. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडालीच. एका टोकाला व्हर्जिनिया, दुसऱ्या टोकाला खामगावचा बाजार. अमेरिकेकडचे स्रोत घरबसल्या आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं फुकट टाकली आहेत. इकडची बाजू ब्रिटिश अहवालांतून आणि मुंबईच्या वृत्तपत्रांतून.

फक्त 'कापूस आणि यादवी' एवढा मोठा विषय घेऊ नका. एक वर्ष, एक जिल्हा किंवा एक वर्तमानपत्र, एवढंच धरा.

रिझर्व्हवाला

हे डीएसएसटीच्या यादवीच्या परीक्षेला पण कामाला येईल. नाकेबंदी आणि कापसाची मुत्सद्देगिरी हा तिथला आवडता प्रश्न आहे. ताई, ती परीक्षा कॅपस्टोनच्या आधी द्या, एकाच वाचनात दोन्ही होतात.

सातारा_रोड

खामगावच्या बाजाराबद्दल जुने जिल्हा गॅझेटियर बघा, बरंच मिळेल. माझ्याकडे काही टिपणं आहेत, शोधतो.

ताकमेथी

ताई, मॉडर्न स्टेट्सचं व्हाउचर कोर्स पूर्ण झाल्याशिवाय मागता येत नाही, आणि मधल्या सराव-प्रश्नांना ठरावीक टक्के लागतात. मी स्वतःसाठी मानसशास्त्राचं करतेय, मुलाला न सांगता. त्याच्या आधी पास झाले तर घरात बोलायला काहीतरी होईल.

अबोली_एनजे

ताकमेथी, मग दोघी मिळून करूया! व्यनि केलाय, बघ.